टिकणाऱ्यांच्या भरवशावर उभं असलेलं जाळं

इंटरनेटवर आपण रोज जी कामं करतो, त्यांतल्या बहुतेकांच्या मागे कुणाचा तरी सर्व्हर असतो. रेल्वेचं तिकीट काढलं, गाणं ऐकलं, बँकेचं ॲप उघडलं, की आपला फोन एका ठरलेल्या संगणकाला विचारतो आणि तो उत्तर देतो. तो संगणक रात्रंदिवस चालू राहावा म्हणून मालकाने जनरेटर, थंड हवेची यंत्रणा, पाळ्यांवर जागणारी माणसं असा सगळा बंदोबस्त केलेला असतो. पीअर-टू-पीअर नेटवर्कमध्ये असा मालकच नसतो. तिथे सामान्य माणसांचे संगणक थेट एकमेकांशी बोलतात. प्रत्येक जण मागतो आणि प्रत्येक जण देतो. बिटटोरंटवरून फाइल उतरवली जाते ती अशीच, बिटकॉइनचे व्यवहार जगभर पसरतात ते असेच, आणि स्काइपवरचं बोलणंही आरंभीची कित्येक वर्षं असंच चालत होतं. या जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला, म्हणजे पीअरला, एक निर्णय सतत घ्यावा लागतो. समोर हजारो अनोळखी पीअर आहेत, जोडणी मात्र थोड्यांशीच ठेवता येते. तर ती कुणाशी ठेवायची? सहज सुचणारं उत्तर म्हणजे ज्याचा वेग जास्त त्याच्याशी, किंवा जो जवळ आहे त्याच्याशी. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच विचारायला हवा : हा पीअर आणखी तासाभराने, उद्या, पुढच्या आठवड्यात इथे असेल का? वेग आणि अंतर यांचा विचार त्यानंतरचा. मात्र हे मान्य केल्यावर दोन गोष्टी विसरून चालणार नाही. उपलब्धता एकेकट्याची मोजून भागत नाही, ती सोबत्यांच्या गटाची मोजावी लागते. आणि सतत हजर असणं म्हणजे विश्वासू असणं नव्हे.

हा प्रश्न किती तीव्र आहे ते पहिल्या मोठ्या मोजणीतूनच कळलं. नॅपस्टर १९९९ मध्ये आलं आणि दोन वर्षांत न्यायालयाच्या आदेशापुढे त्याला बंद व्हावं लागलं. २००० मध्ये आलेल्या नुटेलाने तर नॅपस्टरमध्ये होती ती मधली सूचीसुद्धा काढून टाकली. या दोन्ही जाळ्यांचा अभ्यास वॉशिंग्टन विद्यापीठातल्या स्टीफन सरोयू, कृष्णा गुम्मडी आणि स्टीव्हन ग्रिबल यांनी केला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की पीअरची मध्यक हजेरी साधारण ६० मिनिटांची आहे. म्हणजे नोंदलेल्या हजेऱ्यांपैकी निम्म्या तासभरही टिकत नव्हत्या. पुढच्याच वर्षी सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रंजिता भगवान, स्टीफन सॅव्हेज आणि जेफ्री व्होएल्कर यांनी ओव्हरनेट नावाचं जाळं तपासलं. तिथे एकेक संगणक दिवसातून सरासरी ६.४ वेळा येत-जात होता. याच अभ्यासाने मोजणीतली एक चूकही दाखवून दिली. आधीचे अभ्यासक संगणक ओळखायला त्याचा आयपी पत्ता वापरत. पण घरगुती जोडणीत हा पत्ता बदलत राहतो, त्यामुळे एकच यंत्र अनेक यंत्रांसारखं दिसतं आणि प्रत्येकाची हजेरी आहे त्यापेक्षा कमी भरते. उपलब्धता हा शब्द वापरण्याआधी ती नेमकी कशाची मोजायची हे ठरवा, हा भगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या छोट्या निबंधाचा आग्रह आजही तितकाच लागू आहे.

सरासरी आणि मध्यक एवढ्यावरच थांबलं तर चित्र निराशाजनक दिसतं. तासाभरात निम्मे निघून जाणार असतील, तर त्यांच्या भरवशावर काय बांधायचं? पण त्याच आकड्यांमध्ये आशेची जागा होती. नुटेलाच्या नोंदी पुन्हा चाळून न्यूयॉर्क विद्यापीठातल्या पेटार मेमुनकोव्ह आणि डेव्हिड माझिएर यांनी एक साधा प्रश्न विचारला : जो पीअर इतकी मिनिटं हजर आहे, तो आणखी एक तास राहील याची शक्यता किती? उत्तर असं आलं, की आधीची हजेरी जितकी लांब तितकी ही शक्यता वाढत जाते. दिव्याच्या बल्बचं याच्या नेमकं उलट असतं; तो जितका जुना, तितका तो जाण्याचा दिवस जवळ. पीअरच्या बाबतीत उलटं घडतं याचं कारण यंत्र दिवसेंदिवस मजबूत होतं असं नाही. जाळ्यात येणारी मंडळी मुळात मिश्र असतात. कुणी एक गाणं घेऊन पाच मिनिटांत निघून जाणारं असतं, कुणी संगणक कधीच बंद न करणारं. पहिल्या प्रकारची माणसं लवकर गळतात, त्यामुळे सहा तासांनंतरही जो उरला आहे तो दुसऱ्या प्रकारचा असण्याचा संभव मोठा. काळ जसजसा जातो तसतशी त्याची ओळख पटत जाते, एवढंच. ओरेगॉन विद्यापीठातल्या डॅनियल स्टुट्झबाख आणि रेझा रेजाई यांनी २००६ मध्ये याला आणखी बळ दिलं. त्यांना दिसलं की कोणत्याही एका क्षणी जाळ्यात जे हजर असतात, त्यांतले बहुतेक दीर्घकाळ टिकणारेच असतात. धावपळ करणारा गट लहान असतो, पण येण्याजाण्याच्या नोंदी मात्र तोच वाढवतो. शिवाय एका पीअरच्या लागोपाठच्या हजेऱ्यांची लांबी एकमेकींशी जुळते. काल जो बराच वेळ थांबला, तो आज परत आला तर आजही बराच वेळ थांबण्याकडे त्याचा कल असतो.

मेमुनकोव्ह आणि माझिएर यांनी २००२ मध्ये कॅडेमलिया नावाची जी रचना मांडली, तिच्या पोटात हेच निरीक्षण आहे. कॅडेमलियात प्रत्येक पीअर इतर पीअरच्या पत्त्यांच्या छोट्या याद्या ठेवतो आणि एका यादीत, मूळ निबंधात सुचवल्याप्रमाणे, २० जागा असतात. यादी भरलेली असताना नवा पीअर समोर आला, तर त्याला लगेच आत घेत नाहीत. ज्याच्याशी सर्वांत जास्त काळ बोलणं झालेलं नाही अशा जुन्या पीअरला आधी साद घातली जाते. त्याने उत्तर दिलं तर त्याची जागा कायम, आणि नव्याला बाहेर ठेवलं जातं. उत्तर आलं नाही तरच नवा आत येतो. एवढ्याशा नियमाने यादी हळूहळू टिकणाऱ्यांनी भरत जाते. कुणाचा इतिहास लिहून ठेवावा लागत नाही, कुणाला गुण द्यावे लागत नाहीत. जागांचा आकडाही याच विचाराने ठरवलेला आहे : यादीतले सगळेच्या सगळे एका तासात एकदम नाहीसे होण्याची शक्यता अगदी नगण्य असावी. निबंधात आणखी एक फायदा नोंदवला आहे. कुणी हजारो खोटे नवे पीअर एकदम सोडले, तरी जुने उत्तर देत आहेत तोवर त्यांना यादीतून हुसकावता येत नाही. बिटटोरंटची ट्रॅकरविना, म्हणजे पीअरचे पत्ते सांगणाऱ्या मधल्या सर्व्हरविना, चालणारी पद्धत २००५ मध्ये आली ती याच पायावर, तिथे यादीत आठ जागा असतात. इथेरियममध्ये पीअर शोधण्याची रीत आणि आयपीएफएस या फाइल साठवणाऱ्या जाळ्याची रीतही कॅडेमलियाच्याच कुळातली. वीसहून अधिक वर्षांत संगणक बदलले, जोडण्या बदलल्या, तरी हा नियम टिकला, कारण तो यंत्रांच्या ताकदीवर नव्हे, माणसांच्या सवयींवर बेतलेला आहे.

फाइल एकदा उतरवून घ्यायची असेल तर सोबती मध्येच गेला तरी दुसरा शोधता येतो, थोडा वेळ वाया जातो. साठवण हे काम मात्र कठोर आहे, आणि उपलब्धतेची खरी किंमत तिथे कळते. समजा, एखादा पीअर निम्मा वेळच हजर असतो. अशा पीअरवर ठेवलेली फाइल ९९.९ टक्के वेळा मिळायला हवी असेल, आणि सगळे एकमेकांवर अवलंबून न राहता येत-जात असतील, तर तिच्या दहा प्रती ठेवाव्या लागतात. पीअर ९० टक्के वेळ हजर असेल, तर तीन प्रतींत तेच साधतं. जागेचा हा फरक परवडला असं क्षणभर धरू, कारण डिस्क स्वस्त झाल्या आहेत. खरा भार पडतो तो दुरुस्तीचा. शंभर जीबी सांभाळणारा एक पीअर कायमचा निघून गेला, की तेवढाच मजकूर दुसरीकडे नव्याने पोचवावा लागतो. पाठवण्याचा वेग सेकंदाला दहा मेगाबिट असेल, तर या कामाला सलग बावीस तास लागतील. असे सोबती दर आठवड्याला एक या गतीने जाऊ लागले, तर जोडणीचा आठवा हिस्सा निव्वळ गळती भरून काढण्यात संपतो. एमआयटीतल्या चार्ल्स ब्लेक आणि रॉड्रिगो रॉड्रिग्ज यांनी २००३ मध्ये हाच हिशेब मांडून बजावलं होतं, की उच्च उपलब्धता, प्रचंड साठवण आणि सतत बदलणारे सहभागी या तिन्ही गोष्टी एकत्र मिळणार नाहीत, दोन निवडा. झ्युरिकमध्ये घडलेल्या वुआला या सेवेने तो धडा व्यवहारात आणला होता. आपल्या डिस्कची जागा देऊन बदल्यात ऑनलाइन जागा हवी असेल, तर संगणक दिवसातून किमान चार तास चालू हवा अशी तिची अट होती. २०११ मध्ये तिने ही देवाणघेवाणच बंद केली आणि २०१५ मध्ये सेवाही थांबली.

उपलब्धता पाहून निवडण्यावर पहिला आक्षेप तज्ज्ञांकडूनच येतो, आणि तो भक्कम आहे. एवढी मोजदाद करायचीच कशाला, डोळे मिटून कुणालाही निवडलं तर काय बिघडतं? बर्कलीतले ब्रायटन गॉडफ्री, स्कॉट शेंकर आणि इयॉन स्टोइका यांनी २००६ मध्ये निवडीच्या अनेक रीती खऱ्या नोंदींवर चालवून पाहिल्या. त्यांचा निष्कर्ष अनेकांना चकित करणारा होता. जोडणी तुटली की यदृच्छेने दुसरा कुणीही घ्यायचा, ही रीत अपेक्षेपेक्षा पुष्कळ चांगली ठरली. उलट जवळच्यांची किंवा आवडत्यांची एक ठरीव यादी ठेवायची आणि वरच्या क्रमांकाचा पीअर परत आला की चालू जोडणी मोडून त्याच्याकडे वळायचं, ही रीत वाईट ठरली. पण या निष्कर्षाचा अर्थ नीट लावला तर तो उपलब्धतेच्या विरोधात जात नाही. यदृच्छेने निवडताना आपण बदल केव्हा करतो? समोरचा गेला तरच. त्यामुळे अल्पजीवी सोबती आपोआप गळत राहतात आणि कधीतरी हाती लागलेला दीर्घजीवी तसाच राहतो. शिवाय कोणत्याही क्षणी हजर असलेल्यांत टिकाऊ मंडळींचं प्रमाण जास्त असल्याने चिठ्ठी त्यांच्याच नावाची निघण्याची शक्यता मोठी. म्हणजे मागच्या दाराने उपलब्धतेचीच निवड होत असते. आणि ज्यांनी ती पुढच्या दाराने केली, म्हणजे हजेरीचा काळ पाहून निवडलं, त्यांची गळती आणखी कमी झाली, हेही त्याच अभ्यासात आहे. मला यातून निघणारी शिकवण फार मोलाची वाटते : चालणारी जोडणी केवळ अधिक वेगवान कुणी दिसला म्हणून तोडू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तुम्ही प्रत्येक सोबती पारखून घेतलात, प्रत्येक जण ९५ टक्के वेळ हजर असतो. पण ते सगळे एकाच वेळी गैरहजर राहिले तर? वर प्रतींचा जो हिशेब केला, तो पीअर एकमेकांवर अवलंबून न राहता येतात-जातात या गृहीतावर उभा होता, आणि प्रत्यक्षात ते गृहीत वारंवार कोसळतं. याचं सर्वांत ठळक उदाहरण स्काइपचं. स्काइप आपल्या वापरकर्त्यांपैकीच काही संगणकांना सुपरनोड म्हणून बढती देत असे. ज्यांची जोडणी चांगली, ज्यांच्यापर्यंत थेट पोचता येतं आणि जे बराच वेळ चालू असतात, असे हे संगणक इतरांना एकमेकांचा पत्ता शोधून देत. उपलब्धतेवर आधारलेली ही अगदी शास्त्रशुद्ध निवड होती. ऑगस्ट २००७ मध्ये विंडोजच्या नेहमीच्या सुधारणा आल्या, जगभरचे असंख्य संगणक थोड्या काळात बंद होऊन पुन्हा सुरू झाले, आणि सगळे एकदम आत शिरायला लागल्यावर स्काइपच्या प्रोग्रॅममधला एक लपलेला दोष उघडा पडला. सेवा सुमारे दोन दिवस विस्कळीत राहिली. डिसेंबर २०१० मध्ये पुन्हा तसंच घडलं. विंडोजसाठीच्या एका विशिष्ट आवृत्तीत दोष होता, ती जवळपास निम्म्या वापरकर्त्यांकडे होती, आणि ती कोलमडली तेव्हा कंपनीने दिलेल्या माहितीनुसार २५ ते ३० टक्के सुपरनोड नाहीसे झाले. उरलेल्यांवर नेहमीच्या शंभरपट भार आला. अतिभार झाला की सुपरनोडने स्वतःला बंद करून घ्यावं अशी सोय होती. तीच आता घातक ठरली आणि एकापाठोपाठ एक सुपरनोड मिटत गेले. शेवटी कंपनीला स्वतःचे हजारो मोठे सुपरनोड उभे करून जाळं सावरावं लागलं.

या दोन घटनांवरून उपलब्धतेची निवडच चुकीची, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. चूक निवडीच्या तत्त्वात नव्हती, मोजणीच्या एककात होती. प्रत्येक सुपरनोड एकेकटा भरवशाचा होता. त्यांतल्या पुष्कळांवर एकाच आवृत्तीचा प्रोग्रॅम होता ही गोष्ट मात्र कुणाच्याही वैयक्तिक हजेरीत दिसणारी नव्हती. म्हणून सोबती निवडताना प्रश्न असा हवा, की निवडलेले, समजा, आठ जण मिळून किती वेळ हजर असतात, आणि कोणत्या एका कारणाने ते आठही जण एकत्र जाऊ शकतात. एकाच कचेरीतले आठ संगणक संध्याकाळी सातला एकत्र बंद होतात. एकाच कंपनीची इंटरनेट जोडणी असलेले आठ जण तिची तार तुटली की एकत्र जातात. याउलट पुण्यातला एक पीअर आणि टोरांटोतला एक पीअर, दोघंही फक्त आपापल्या दिवसा चालू असले, तरी मिळून ते दिवसाचा बराच मोठा भाग झाकतात. इथे आणखी एक बारकावा आहे. मिशिगन विद्यापीठातल्या जेम्स मिकन्स आणि ब्रायन नोबल यांनी २००६ मध्ये दाखवलं, की अनेक यंत्रांच्या हजेरीला लय असते आणि मागच्या नोंदींवरून पुढचं भाकीत करता येतं. रोज रात्री दहा ते सकाळी सहा न चुकता हजर असणारा पीअर फक्त एक तृतीयांश वेळ उपलब्ध आहे, पण त्याच्या नियमितपणामुळे त्याचा उपयोग आखता येतो. साठ टक्के वेळ हजर, पण कधी ते सांगता येत नाही, अशा पीअरपेक्षा काही कामांना मी त्यालाच पसंती देईन.

आता तिसरा आक्षेप, ज्याची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते : सतत हजर राहण्याची इच्छा आणि ऐपत सर्वांत जास्त कुणाकडे असते? हल्लेखोराकडे. सामान्य माणूस रात्री संगणक बंद करतो. जाळं ताब्यात घेऊ पाहणारा भाड्याचे सर्व्हर घेऊन महिनोन्‌महिने जागा राहतो. २०१५ मध्ये बोस्टन विद्यापीठ आणि जेरुसलेमचं हिब्रू विद्यापीठ इथल्या संशोधकांनी बिटकॉइनच्या बाबतीत हे सिद्ध करून दाखवलं. बिटकॉइनचा पीअर तेव्हा स्वतःहून आठ जणांशी जोडणी करत असे आणि त्यासाठी पत्त्यांची दोन कोष्टकं ठेवत असे, एक नुसत्या ऐकलेल्या पत्त्यांचं आणि एक जोडून पाहिलेल्यांचं. निवडताना ज्यांची हजेरी अगदी ताजी आहे अशांना झुकतं माप मिळे, म्हणजे उपलब्धतेलाच. हल्लेखोराने आपले असंख्य पत्ते त्या कोष्टकांत घुसवायचे, वरचेवर जोडणी करून ते ताजे ठेवायचे, आणि मग पीअर कधी बंद होऊन पुन्हा सुरू होतो याची वाट पाहायची. पुन्हा सुरू होताना तो आठही सोबती हल्लेखोराचेच निवडतो, आणि त्या क्षणापासून त्याला उरलेलं जग दिसेनासं होतं. या प्रकाराला ग्रहण लावणं असंच नाव आहे. उपाय म्हणून बिटकॉइनच्या प्रोग्रॅमरांनी ताजेपणाचा पक्षपात काढून निवड यदृच्छेची केली. कोष्टकातला जुना पत्ता काढण्याआधी तो जिवंत आहे का ते तपासायचं, हा कॅडेमलियाचाच नियम त्यांनी पुढे स्वीकारला. २०२१ च्या जानेवारीत आलेल्या आवृत्तीपासून तर बंद होताना दोन सोबत्यांचे पत्ते लक्षात ठेवून सुरू होताच आधी त्यांच्याकडे जाण्याची सोय झाली. बाहेरून आलेल्या जोडण्यांपैकी कुणाला तरी काढायची वेळ आली, की आणखी काही निकषांवर काहींना अभय देऊन, उरलेल्यांतल्या सर्वांत जास्त काळ जोडलेल्या निम्म्यांना हात लावायचा नाही, हा नियमही तिथे आहे. म्हणजे उपलब्धता टाकून दिलेली नाही. 'नुकताच दिसला' या फसव्या खुणेच्या जागी 'दीर्घकाळ माझ्याशी जोडलेला राहिला' ही अधिक महाग खूण आली, आणि तिच्या जोडीला यदृच्छा आली.

महाग खूणसुद्धा पैसे टाकून विकत घेता येते, हे वापरकर्त्यांची ओळख लपवणाऱ्या टॉर या जाळ्याच्या अनुभवावरून दिसतं. टॉर काटेकोर अर्थाने पीअर-टू-पीअर नाही, कारण तिथे थोडे विश्वस्त सर्व्हर साऱ्या रिलेंची, म्हणजे वाहतूक पुढे पोचवणाऱ्या संगणकांची, यादी जाहीर करतात. पण हे रिले जगभरचे स्वयंसेवक चालवतात, म्हणून प्रश्न तोच. वापरकर्त्याला जाळ्यात शिरवणाऱ्या पहिल्या रिलेला गार्ड म्हणतात, आणि तो मान मिळवायला रिले किमान आठ दिवस ओळखीचा असावा लागतो, पुरेसा वेग असावा लागतो आणि हजेरीचं प्रमाण उच्च असावं लागतं. ९८ टक्के भरलं तर ते पुरेसं मानतात. ३० जानेवारी २०१४ पासून काही मंडळींनी सुमारे ११५ रिले आणले, ते इमानेइतबारे चालू ठेवले, आणि नियमाप्रमाणे त्यांना गार्डचा मान मिळाला. एकूण गार्ड-क्षमतेच्या ६.४ टक्के वाटा त्यांच्याकडे गेला. हे रिले वापरकर्त्यांची ओळख उघड करण्याच्या प्रयत्नात होते, हे लक्षात येऊन ४ जुलैला त्यांना हटवलं गेलं, तोवर पाच महिने उलटले होते. हजेरीची कसोटी ते उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले होते. म्हणून हजेरीचं उत्तर घेऊन थांबू नये. सोबत्यांचे पत्ते वेगवेगळ्या नेटवर्कांतले आहेत का, एकाच वेळी एकाच ठिकाणाहून बरेच जण उगवले का, हे तपासणं निवडीचाच भाग मानलं पाहिजे. त्या ११५ रिलेंचे पत्ते अवघ्या दोन पट्ट्यांतले होते.

उरतो न्यायाचा प्रश्न, आणि इथे आपल्या प्रदेशाचा थेट संबंध येतो. भारतात बहुसंख्य लोक मोबाइलवरून इंटरनेट वापरतात. फोनची बॅटरी, मोजका डेटा आणि एका आयपी पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवण्याची मोबाइल कंपन्यांची पद्धत, यांमुळे असा फोन बाहेरच्यांना थेट सापडत नाही. मराठवाड्यातल्या किंवा कोकणातल्या गावात वीज गेली की राउटर बंद, पीअर गायब. उपलब्धता पाहून निवड केली, तर हे सगळे कायम मागे राहतील आणि जाळ्याचा कारभार श्रीमंत देशांतल्या चोवीस तास विजेच्या संगणकांकडे जाईल, असा आक्षेप घेतला जातो. याला उत्तर देताना हक्क आणि जबाबदारी वेगळी करावी लागते. आयपीएफएसने २०२० मध्ये ठरवलं, की जे पीअर बाहेरून सापडत नाहीत, त्यांनी जाळ्यात शोध घ्यावा, फाइली मिळवाव्यात, पण इतरांचे पत्ते सांभाळण्याचं काम त्यांच्याकडे नसावं. याने त्यांचा हक्क गेला नाही; उलट मृत पत्त्यांवर ठेचकाळणं कमी झाल्याने शोध वेगवान झाला आणि त्याचा लाभ कमकुवत जोडणीवाल्यांनाच अधिक झाला. सेवा सगळ्यांना, भार टिकणाऱ्यांवर, हे मला न्याय्य वाटतं. अन्याय होतो तो टिकणाऱ्यांवरच. नुटेलावर २००० मध्येच एयटन अदार आणि बर्नार्डो ह्युबरमन यांना दिसलं होतं, की सुमारे ७० टक्के वापरकर्ते काहीच देत नाहीत आणि जवळपास निम्मी उत्तरं वरच्या एक टक्का यंत्रांकडून येतात. भार असा साचत गेला की ते एक टक्का नावाखेरीज सगळ्या अर्थाने सर्व्हर होतात. स्काइपचा प्रवास तिकडेच झाला. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुपरनोड वापरकर्त्यांकडून काढून स्वतःच्या यंत्रांवर नेले, आणि मे २०२५ मध्ये स्काइपच बंद झालं.

म्हणून टिकाऊ पीअरवर किती भार टाकायचा याला मर्यादा हवी, आणि नव्याला आपली हजेरी सिद्ध करायला जागा हवी. बिटटोरंटचा निर्माता ब्रॅम कोहेन याने ही दुसरी गोष्ट फार पूर्वीच ओळखली. तिथे जो आपल्याला चांगल्या वेगाने देतो त्यालाच आपण देतो. पण एक जागा मोकळी ठेवून दर ३० सेकंदांनी ती कुणा भलत्यालाच दिली जाते, आणि नव्याने आलेल्याला ती मिळण्याची शक्यता तिप्पट ठेवलेली असते. कॅडेमलियाच्या यादीत मात्र अशी राखीव जागा नाही, आणि तिचा कडकपणा मला तेवढ्यापुरता खटकतो. वीसपैकी दोन जागा नव्यांसाठी फिरत्या ठेवल्या, तर हल्लेखोराला फारसं काही मिळणार नाही आणि जाळ्याला उद्याचे आधार आजच ओळखता येतील.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा कुणा मोठ्या कंपनीचं क्लाउड का घेऊ नये, असं कुणी विचारलं, तर अनेकदा तेच करणं सोयीचं आहे हे मान्य करायला हरकत नाही. पण ज्या गोष्टींचा ताबा एकाच मालकाकडे जाऊ नये असं वाटतं, त्यांना हा पर्याय नाही, आणि त्यांत आपल्याकडच्याही गोष्टी आहेत. इंटरनेट आर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियातून आलेली कितीतरी जुनी मराठी पुस्तकं आहेत, आणि २०१२ पासून आर्काइव्ह आपला संग्रह टोरंटच्या रूपातही देतं. स्वामित्वहक्काची मुदत संपलेलं असं एखादं पुस्तक टोरंटने उतरवलंत, तर डाउनलोड पुरं होताच प्रोग्रॅम बंद करू नका. घरात संगणक असेल आणि जोडणी अमर्याद असेल, तर रोज ठरावीक वेळी, रात्रीचे चार तास का होईना, तो चालू ठेवा. दुसऱ्या कुणाला ते पुस्तक हवं असेल तेव्हा जाळं सोबती शोधेल, आणि नेमाने हजर असणारे तुम्ही त्याला सापडाल.